बाई, मोटरी आणि पेटीचा भाता

बाई मोटरीला कधी ‘ही’ म्हणायच्या नाहीत. ‘हे’ म्हणायच्या. “हे तीन नंबर आज जरा तापून राहिले, त्यांना धा मिनिटं बसू द्या.” नोकरीच्या पहिल्या दिवशी हे वाक्य कानावर पडलं आणि मी प्रयोगशाळेत इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, कोपऱ्यात कोणी आजारी माणूस बसलेला आहे. कोपऱ्यात एक टेबल होतं, टेबलावर एक तार होती आणि तारेला जोडलेली आगपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी मोटर.

नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात मी नुकतीच अधिव्याख्याता म्हणून लागले होते. पुण्याहून पदवी घेऊन आले होते, त्यामुळे बोलताना मान जरा वरच असायची. बाई प्रयोगशाळा सहायक, म्हणजे कागदावर माझ्या हाताखाली. हदगावच्या. आयटीआय झालेल्या आणि त्याआधी बरीच वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत आलेल्या. सुती साडी, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि अंबाड्यात खोचलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर. काम आलं की तो अंबाड्यातून निघायचा, काम संपलं की परत तिथेच जायचा. एकदा प्राचार्यांच्या बैठकीला त्या तशाच गेल्या होत्या. कुणीतरी खुणेनं दाखवलं, तर बाईंनी तो काढून पुसला आणि पुन्हा नीट खोचला.

या मोटरींना स्मार्ट सर्व्हो म्हणतात. साधी मोटर वीज दिली की फिरते आणि काढली की थांबते. हिच्या पोटात गिअर असतात, आपण कुठे वळलो आहोत हे ओळखणारा सेन्सर असतो आणि एक चिमुकला मेंदूही असतो. एकाच तारेवर अशा कितीतरी मोटरी माळेसारख्या जोडायच्या आणि कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधून ज्या नंबराला हुकूम द्यायचा, तेवढीच हलते. पण कारखान्यातून सगळ्या मोटरी एकाच नंबराच्या येतात. नंबर एक. दोन नव्या मोटरी एकदम जोडल्या, तर दोघी एकदमच उत्तर देतात आणि कॉम्प्युटरला कुणाचंच काही समजत नाही. म्हणून एकेकीला वेगळं जोडून आधी नंबर द्यावा लागतो.

बाई हे मुलांना एका वाक्यात शिकवायच्या. “वर्गात दोघं जण एकदम ‘हजर’ म्हणले तर मास्तरला काय समजंल?” मग सॉफ्टवेअरमधल्या स्कॅनच्या बटणावर बोट ठेवून म्हणायच्या, “चला, हजेरी घ्या.”

सॉफ्टवेअरमधली प्रत्येक ओळ त्या मोठ्यानं वाचायच्या आणि प्रत्येक शब्दाला त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं. टॉर्क म्हणजे जोर. टेम्परेचर लिमिट म्हणजे तापाची हद्द. मोटर जिथून मोजायला सुरुवात करते ती जागा म्हणजे घर. “आधी त्यांचं घर ठरवा, मंग त्यांना फिरायला पाठवा.” मी सुरुवातीला गालातल्या गालात हसायचे. मी सुंदर स्लाइड केल्या होत्या, इंग्रजीत, बाणांसकट. महिन्याभरानं प्रात्यक्षिकाची परीक्षा झाली. उत्तरं देताना सगळी मुलं ‘घर’, ‘जोर’ आणि ‘हद्द’ म्हणत होती आणि एकाचीही मोटर चुकीच्या दिशेला पळाली नाही. स्लाइडचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मोटरीच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे तिच्या चिमुकल्या मेंदूतला प्रोग्रॅम, बदलायचा दिवस म्हणजे प्रयोगशाळेत सोवळंच असायचं. ते बदलताना मध्येच वीज गेली तर मोटर कायमची मुकी होऊ शकते. कॉलेजचा इन्व्हर्टर कधी दगा देईल याचा नेम नव्हता. म्हणून बाई आधी आमच्या भागातल्या लाइनमनला फोन लावायच्या.

“दादा, आता कुठं चढले का तुमी?”

“न्हाई बाई, चहा पिऊन राहिलो.”

“पिऊन राहा. आनखी एक घ्या. पाच मिनिटं खांबाला हात लावू नका.”

मग पंखे बंद. कुणी हलायचं नाही. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत असताना बाई उभ्या, हात पाठीमागे, श्वाससुद्धा जपून. पट्टी भरली की त्या पुन्हा फोन करायच्या, “झालं दादा, चढा आता.” तो लाइनमन बाईंना कधीच भेटला नव्हता. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी मात्र तो नारळ घेऊन हजर झाला.

आता बाई हदगावला असतात. लोक शिलाई मशीन घेऊन येतात, कापूस तोलायचे वजनकाटे घेऊन येतात. पण मला त्या आठवतात त्या एका कपाटासमोर.

आमच्या प्रयोगशाळेत एक रोबोटचा हात होता, सहा मोटरींचा. कपाटात बंद. वर ‘निर्लेखित’, म्हणजे बाद, अशी चिठ्ठी. पुरवठादाराचा इंजिनिअर येऊन सगळ्या मोटरी मेल्या आहेत असं लिहून देऊन गेला होता. मी रुजू झाल्यावर तो हात बाहेर काढला, लॅपटॉपला जोडला, स्कॅन केलं. पडद्यावर एकही मोटर आली नाही. मीही जाहीर केलं, “मेल्यात.”

बाईंनी अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढला, पण वापरला नाही. नुसता हातात फिरवत राहिल्या.

“तुमी किती वेगानं हाक मारली?”

“जो वेग असतो तोच.”

“आन् ते दुसऱ्या वेगावर ऐकून राहिले असले तर?”

कॉम्प्युटर आणि मोटर यांच्या बोलण्याचा वेग ठरवावा लागतो. दोघांचा वेग जुळला नाही तर मोटरीला हाक ऐकूच जात नाही. हे मला पुस्तकातून चांगलं माहीत होतं. बाईंनी सॉफ्टवेअरमध्ये सगळे वेग निवडले, सगळे नंबर निवडले आणि स्कॅन सुरू केलं. पट्टी मुंगीच्या पावलानं निघाली. बाई दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहावी तशा मांडीवर हात ठेवून बसल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी घड्याळ बघून उठणार, तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. मग दुसरी. मग सलग चार. सहाच्या सहा मोटरी जिवंत होत्या. पूर्वी कुणीतरी वेग बदलला होता आणि पुढच्याला न सांगता निघून गेला होता.

“मेले न्हाईत वो हे,” बाई हळूच म्हणाल्या. “हाक मारणाराच चुकला.”

माझे कान तापले. पण बाईंनी ही गोष्ट मुलांना सांगितली नाही, प्राचार्यांना सांगताना “आमी दोघींनी शोधलं” असं सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायला लागले.

त्या हाताचा सांगाडा मोडकाच होता, पण मोटरी वाचल्या. त्यांतल्या दोन मोटरींना बाईंनी पुढे जे काम लावलं, ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

माझं गाव रेणापूर. आमच्या गल्लीत एक पेटीमास्तर राहतात. आसपासच्या गावांत त्यांची भीमगीतांची पार्टी प्रसिद्ध होती. मास्तरांची पेटी सुरू झाली की बायका चुलीवरचं खाली उतरवून बाहेर यायच्या. काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या राशीच्या वेळी मळणी यंत्रात मास्तरांचा डावा हात गेला, कोपराच्या थोडा खालून. उजवा हात शाबूत होता, बोटं तशीच धावायची. पण पेटीला दोन हात लागतात. उजवा सूर वाजवतो आणि डावा मागचा भाता हलवून हवा भरतो. मास्तरांनी थोटा हात फडक्यानं भात्याला बांधून पाहिला. हात आखूड पडायचा, कातडी सोलून रक्त यायचं. मग त्यांच्या पत्नी, सुनंदाकाकू, पेटीमागे बसून भाता मारू लागल्या. त्यात दोघांची भांडणं व्हायची. मास्तरांना जिथे जोर पाहिजे तिथे काकूंचा हात हलका पडायचा आणि जिथे हळू हवं तिथे भसकन हवा यायची. कुणीतरी पायपेटी सुचवली, ती खुर्चीवर बसून पायानं वाजवायची. मास्तर म्हणाले, “समदी पार्टी सतरंजीवर आन् मी एकटाच खुर्चीवर? न्हाई जमायचं.” पार्टी बंद पडली. पेटीवर कापड पडलं.

डबा खाताना मी हे सहज बोलून गेले. बाईंचा घास हातातच राहिला.

“भात्याला किती जोर लागतो?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत?”

“मंग म्हायती करून घ्यावं लागंल.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघी एसटीनं लातूरला आणि तिथून रेणापूरला. बाईंच्या पिशवीत एक स्प्रिंगचा काटा होता. घरात शिरल्यावर जयभीम झाला, पाणी झालं, आणि बाई थेट पेटीमागे जाऊन बसल्या. काटा भात्याला अडकवून ओढला, आकडा पाहिला, तळहातावर पेनानं लिहिला. मास्तर त्यांच्याकडे संशयानं बघत होते.

“बाई, तुमाला पेटी येती का?”

“न्हाई. गातासुद्धा येत न्हाई. पण ऐकायला येतं.”

कॉलेजची परवानगी काढायला बाईंनी पंधरा दिवस प्राचार्यांच्या दारात घालवले. शेवटी त्या दोन मोटरी ‘विद्यार्थी प्रकल्प’ म्हणून मिळाल्या. बेत साधा होता. भात्याच्या फळीच्या दोन्ही टोकांना एकेक मोटर लावायची, तिला लहानसा दांडा, आणि दोघींनी मिळून फळी ढकलायची. परत यायला भात्यात स्प्रिंग असतेच. दोन्ही मोटरी एकमेकींकडे तोंड करून बसतात, त्यामुळे एकीचं पुढे ते दुसरीचं मागे. म्हणून एका मोटरीला सॉफ्टवेअरमध्ये सांगून ठेवायचं की तू उलटी फिर. ते मीच सांगून ठेवलं होतं. पण निघायच्या सकाळी एका मोटरीचा नंबर चुकलेला दिसला. मी घाईत ती मोटर रिसेट केली, नंबर पुन्हा दिला. रिसेट केल्यावर नंबराबरोबर ‘उलटी फिर’ हेही पुसलं गेलं, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

रेणापूरला सगळी गल्ली जमलेली. मास्तरांनी पेटीवरचं कापड काढलं. त्यांच्या गुरूंनी दिलेली पेटी होती ती. मी बटण दाबलं. एका मोटरीनं फळी ढकलली आणि दुसरीनं ओढली. फळी पिळवटली, कर्रकन आवाज झाला आणि भात्याचं कातडं बिजागरीपासून टरकन फाटलं.

बाईंनी झटकन वायर उपटली. मास्तर फाटलेल्या कातड्यावरून उजवा हात फिरवत राहिले. काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या.

“मास्तर, चूक आमची हाय,” बाई म्हणाल्या. “पेटी नीट करून देऊ. आन् हे कामबी पुरं करू.”

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी सकाळचं सगळं पुन्हा पुन्हा आठवत होते. मग सांगून टाकलं, “बाई, सकाळी मी रिसेट केली होती.”

“म्हायती हाय. मी तिथंच बसले व्हते.”

“मग मास्तरांना ‘आमची’ कशाला म्हणालात?”

“तू रिसेट केलं, मी इचारलं न्हाई. दोघींची झाली की.” पिशवी मांडीवर घेत त्या म्हणाल्या, “आता रडू नको. पुढच्या टायमाला मला वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.”

लातूरच्या एका जुन्या कारागिरानं भाता नवा करून दिला. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी बाईंना सगळ्या ओळी वाचून दाखवल्या, दोनदा. मोटरी एकजुटीनं फिरल्या, भाता हलला, मास्तरांनी पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि इतक्या दिवसांनी त्या घरात पेटी वाजली. मी टाळी वाजवणार तोच मास्तर थांबले.

“सूर हाय,” ते म्हणाले. “पन हे माजं न्हाई, पोरी. समद्या ओळी एकसारख्याच वाजायल्यात. दुःखाची बी तशीच, आनंदाची बी तशीच.”

मला राग आला. एवढा खटाटोप केला, पेटी वाजायला लागली, आणि यांचं आपलं काहीतरी भलतंच. पण बाई मास्तरांच्या समोर जाऊन मांडी घालून बसल्या आणि आपला उजवा तळहात पुढे केला.

“तुमचा हात यावर ठेवा. गाणं मनातल्या मनात म्हणा. जिथं भाता दाबावा वाटंल तिथं मला दाबा.”

मास्तरांनी आधी काकूंकडे पाहिलं. मग थोटा हात बाईंच्या तळहातावर टेकवला. डोळे मिटले. बाईंचा तळहात कधी हळूच खाली जात होता, कधी एकदम दबत होता, कधी नुसता थरथरत होता. बाईंनीही डोळे मिटले होते. गाणं संपलं असावं, कारण मास्तरांच्या गालावरून पाणी आलं आणि हात निघाला.

“चुकलं आपलं,” बाई माझ्याकडे वळल्या. “आपुन मोटरींना सांगून राहिलो की इथपर्यंत जा आन् परत या. मास्तर तसं कुठं करून राहिले? ते जोर देऊन राहिले. कधी थोडा, कधी लई. ‘कुठं जा’ हे सांगायचंच न्हाई. ‘किती जोरानं ढकला’ एवढंच सांगायचं.”

सॉफ्टवेअरमध्ये मोटर चालवायच्या अनेक पद्धती असतात. एकीत जागा सांगायची, दुसरीत जोर सांगायचा. मी ते पान शेकडो वेळा उघडलं होतं. कुणाच्या हाताखाली आपला तळहात धरून ते निवडायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं.

वजनकाट्यातला वजन ओळखणारा सेन्सर बाईंनी एका मऊ उशीखाली बसवला. मास्तरांनी मांडीवरच्या त्या उशीवर थोटा हात टेकवायचा. जितका दाब, तितका जोर मोटरी भात्याला देणार. मध्ये एक छोटी सर्किटपट्टी, लॅपटॉप नसतानाही मोटरींना हुकूम देणारी, तिचं काम माझ्याकडे. बाकी सगळं बाई आणि मास्तर यांनी मिळून जुळवलं. मोटरींची बारीक गुणगुण पेटीत ऐकू यायची. बाई पडद्यावरचा एकेक आकडा कमी करत जायच्या आणि मास्तर पेटीला कान लावून सांगायचे.

“अजून गुणगुणायलंय. काळी एकच्या जवळ.”

“आता?”

“आता खाली गेलं. आनखी… आनखी… हां. गेलं बगा.”

तीन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी एक ओळ अगदी हळू, कुजबुजल्यासारखी उचलली आणि शेवटाला असा भरून सूर सोडला की काकू पिठाच्या हातानंच दारात आल्या. मास्तरांनी पेटी मिटली नाही. बसल्या जागेवरून पार्टीतल्या ढोलकीवाल्याला फोन लावला.

पहिला कार्यक्रम ठरला शिरूर अनंतपाळला, एप्रिलमध्ये, विहारासमोरच्या मैदानात. ऊन उतरलं होतं, पण पत्र्याचा मांडव दिवसभर तापलेला. मास्तरांची एकच अट होती, “यंत्राचं काही सांगायचं न्हाई. लोकांनी पेटी ऐकावी, मशीन बघू नये.” म्हणून काकूंनी पेटीच्या मागच्या बाजूला एक जाड भरतकामाची चादर टाकली. मी आणि बाई व्यासपीठाच्या मागे, कनातीआड, लॅपटॉप घेऊन बसलो. पडद्यावर दोन्ही मोटरींचा ताप दिसत होता.

पहिलं गाणं झालं. लोक सरसावून बसले. दुसरं सुरू झालं आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. पन्नासवरून अठ्ठावन्न. मग त्रेसष्ट. सत्तरला पोचल्या की मोटरी जीव वाचवायला आपोआप बंद होतात. म्हणजे भर गाण्यात पेटी मुकी होणार, आणि तीही इतक्या वर्षांनी परतलेल्या माणसाची.

“बाई, हद्द वाढवू,” मी कुजबुजले. “ऐंशी करू.”

“न्हाई.”

“आजच्या दिवस!”

“ती हद्द त्यांच्या जिवाची हाय. आज जाळले तर उद्या मास्तर कशानं वाजवतील?” त्या पडद्यावरच्या ओळी वरून खाली वाचत गेल्या, नेहमीसारख्या ओठ हलवत. आणि एका ओळीवर थांबल्या. दांड्यांचे सांधे खडखडू नयेत म्हणून आम्ही मोटरींना एक किमान जोर देऊन ठेवला होता. मास्तरांनी हात उचलला तरी मोटरी भाता थोडा दाबूनच धरत होत्या. दोन गाणी झाली, त्यांना क्षणाची उसंत नव्हती. वरून ती चादर.

“हा आकडा शून्य करायचा,” बाई म्हणाल्या. पण तो आकडा मोटरींचा जोर पूर्ण काढल्याशिवाय बदलता येत नाही, आणि जोर काढला की पेटी बंद. गाणं संपेपर्यंत थांबणं भाग होतं. पासष्ट. सदुसष्ट. गायकानं शेवटची ओळ दोनदा घेतली, मग तिसऱ्यांदा घेतली. अडुसष्ट. मी बाईंचा हात घट्ट धरला होता. एकोणसत्तरला गाणं संपलं.

टाळ्यांच्या कडकडाटात निवेदकानं प्रमुख पाहुण्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. बाई रांगत पेटीमागे गेल्या आणि चादर ओढून काढली. मास्तरांना हळू आवाजात म्हणाल्या, “उशीवरून हात काढा, घाबरू नका.” परत येऊन जोर बंद केला, आकडा शून्य केला, मला वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. मग पुन्हा पेटीमागे सरकून पदरानं मोटरींना वारा घालत बसल्या, पडल्या रुग्णाला घालावा तसा.

पाहुण्यांचे दोन शब्द लांबत चालले. लोक चुळबुळ करू लागले. आयोजकांपैकी एक जण ‘आवरतं घ्या’ अशी चिठ्ठी घेऊन व्यासपीठाकडे निघाला. बाईंनी कनातीआड येऊन मला ढोसलं.

“पळ! त्याला अडव. म्हणाव, बोलू द्या सायबांना, लई चांगलं बोलून राहिले.”

मी धावले. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा भाषण लांबवायची विनंती ऐकली असावी. तो चिठ्ठी खिशात घालून उभा राहिला. पाहुण्यांनी समोरून दाद मिळतेय असं समजून आपलं बालपण सांगायला घेतलं. साठ. पंचावन्न. पाहुणे नोकरीला लागले तेव्हा मोटरी एकोणपन्नासवर आल्या होत्या. बाईंनी जोर सुरू केला आणि मास्तरांकडे पाहून मान हलवली.

मग मास्तरांनी आपलं गाणं घेतलं, पार्टीनंच रचलेलं, लेकीला शाळेत घालणाऱ्या आईचं. सुरुवात इतकी हळू होती की मागचे लोक उभे राहिले. आई लेकीला शाळेच्या दारात सोडते तिथे पेटी थांबल्यासारखी झाली, नुसता एक बारीक सूर तेवढा जिवंत राहिला. आणि लेक मोठ्यानं आपलं नाव सांगते तिथे मास्तरांनी तो सूर असा उचलला, असा उचलला की ढोलकीवाल्याच्याच अंगावर काटा आला. मांडवभर आरोळी उठली, “पुन्यांदा!” तीच ओळ पुन्हा. पुन्हा आरोळी. काकू पहिल्या रांगेत मोकळ्या बसल्या होत्या. अपघातानंतर नवऱ्याची पेटी त्यांनी अशी समोर बसून ऐकलीच नव्हती. त्या दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या आणि डोळे पुसायला हात रिकामा होत नव्हता.

मी बाईंकडे पाहिलं. पडद्यावर बावन्नचा आकडा स्थिर होता. बाईंनी लॅपटॉप मिटला. मोटरी चालू असताना बाईंनी लॅपटॉप मिटलेला मी ना त्याआधी कधी पाहिला, ना त्यानंतर. त्या कनातीला टेकून बसल्या आणि पुढची चार गाणी नुसत्या ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाकूरला नांदेडची गाडी पकडली. मोटरी मास्तरांकडेच ठेवल्या होत्या, तशी लेखी परवानगी बाईंनी आधीच काढून ठेवली होती. आमच्या पुढच्या बाकावर एक फेटेवाले आजोबा बसले होते. शेजाऱ्याला सांगत होते, “काल शिरूरला काय पेटी ऐकली म्हाराजा! एका हाताचा मानूस. एका हाताचा!”

बाई पुढे वाकल्या. मला वाटलं, आता सांगणार. पण त्यांनी चेहरा अगदी कोरा ठेवला.

“हाव का, बाबा? एका हातानं कशी वाजती पेटी?”

आजोबा पूर्ण मागे वळले. त्यांनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. मांडव दुप्पट केला, गर्दी तिप्पट केली, पाहुण्यांचं भाषण मात्र गाळून टाकलं. बाई हनुवटी बाकाच्या दांड्यावर टेकवून, आजीकडून गोष्ट ऐकावी तशा ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “आन् भाता कोन मारत व्हतं, बाबा?”

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढं ऐकूनही या बाईला काही कळलं नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

“कोन म्हंजे? त्योच मारत व्हता की!”

बाई खिडकीकडे वळल्या. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग पदरानं चेहरा पुसून त्या पुन्हा पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “बाबा, गाडी नांदेडला पोचायला लई वेळ हाय. पुन्यांदा सांगा.”